फ्रेमच्या दुकानात रमलेली लेक आणि बी.एस्सी.चं दुसरं वर्ष

पत्र: “माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘अ’ श्रेणी होती, हात चांगला आहे. दिवाळीपासून महाल भागातल्या एका फ्रेमवाल्याकडे रोज दुपारी जाते. आधी वाटलं, हौस आहे, फिटेल. आता म्हणते कॉलेज सोडते, हेच पूर्णवेळ शिकते, पुढे स्वतःचं दुकान टाकते. तिचे बाबा म्हणतात, फोटो मढवण्यात शिकायचं काय? चार पट्ट्या नि एक काच. मला तिचं मन मोडायचं नाही, पण डोळे झाकून हो म्हणायची हिंमतही होत नाही. काय करू? — एक आई, मानेवाडा, नागपूर”

ताई, नमस्कार.

तुमच्या मिस्टरांचं ते वाक्य एकोणिसाव्या वर्षी मीही म्हणालो होतो. कॉलेजची फी जमवायला इतवारीतल्या एका फ्रेमच्या दुकानात दोन वर्षं संध्याकाळी कामाला होतो. मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला फक्त काचा पुसायला लावल्या. मला तो अपमान वाटला.

जुलैत एक बाई यजमानांचा फोटो घेऊन आल्या. तेरवी परवावर आली होती. भाऊ बाहेर गेलेले. मी काच ओल्या फडक्याने पुसली, वाळायला वेळ दिला नाही, फोटो तसाच काचेला भिडवला, मागून हार्डबोर्ड ठोकला आणि देऊन टाकला. एकट्याने केलेली पहिली ऑर्डर म्हणून घरी सांगितलंही. दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता त्या बाई तीच फ्रेम घेऊन दारात. फोटो कपाळापाशी काचेला चिकटलेला, कडेने पांढरी बुरशी. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की तो मऊ पडतो आणि वाळताना काच धरून बसतो. ओढायला गेलं की चेहरा काचेवर राहतो नि कागद हातात येतो. निगेटिव्ह नव्हतं. भाऊंनी बाईंना एवढंच सांगितलं, “चूक आमची आहे.” मग काचेसकट त्या फोटोचा फोटो काढून घेतला, एका चित्रकाराकडून कपाळ दुरुस्त करून घेतलं आणि नवी फ्रेम करून दिली, पैसे न घेता. मला रागावले नाहीत. मला काचा पुसायला परत बसवलं.

तर मिस्टरांना सांगा, शिकायचं ते हे आहे. फोटोभोवती जाड कागदाची चौकट दिसते ना, ते माउंट, ते लोकांना शोभेसाठी वाटतं. त्याचं खरं काम फोटो आणि काच यांच्यात जेमतेम दीड मिलिमीटरची हवा ठेवणं हे आहे. आपल्या नागपुरात तर याची फारच गरज. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि घरात कूलर दिवसभर ओली हवा फेकतोय. कागद ओल पिऊन फुगतो, कूलर बंद झाला की आकसतो. चारही कडांना फेविकॉल लावून चिकटवलेलं चित्र अशा खोलीत एका उन्हाळ्यात लाटेसारखं होतं, कारण फुगलेल्या कागदाला सरकायला जागाच नसते. जाणकार फ्रेमवाला चित्र फक्त वरच्या दोन टोकांना टांगतो, पातळ जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. ही खळी थोड्या पाण्याने परत सोडवता येते. सेलोटेपचं तसं नाही. पाच-सात वर्षांनी तो पिवळा पडतो, सुटतो, डाग मात्र कागदात मुरलेला राहतो.

इथेच मला तुमच्या लेकीशी बोलायचं आहे. कॉलेजचा आणि दुकानाचा काही संबंध नाही, असं तिला वाटत असणार. या धंद्यात तिच्याइतका संबंध फार थोड्यांचा असतो. भाऊंच्या दुकानात जुन्या फ्रेमी उघडायला यायच्या, तेव्हा माउंटच्या आतल्या कडेला लागून चित्रावर एक तपकिरी रेघ हमखास दिसायची, जळल्यासारखी. भाऊ म्हणायचे, “बोर्डाने खाल्लं.” का खाल्लं, ते त्यांना सांगता यायचं नाही. माउंटचा स्वस्त बोर्ड लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य राहिलेलं असतं, त्यातून आम्ल सुटतं आणि शेजारच्या कागदात उतरतं. म्हणून चांगल्या कामाला आम्लमुक्त बोर्ड लागतो, आणि मागे एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, घातलाच तर चित्राला त्याचा थेट स्पर्श होऊ द्यायचा नसतो. भाऊंनी जे चाळीस वर्षांत नजरेने ओळखलं, ते तुमची लेक समीकरण मांडून सांगू शकेल. ती पदवी अर्ध्यावर टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘पडली तर उपयोगाला येईल’ म्हणून हे सांगत नाही. याच कामात ती पदवी पुढे उपयोगी पडणार आहे.

कारण या धंद्याचं खालचं टोक झिजत चाललंय. तयार मापाच्या फ्रेमी ऑनलाइन घरपोच येतात, लग्नाचे फोटो मोबाइलमध्येच राहतात. तुमची लेक उद्या दुकान टाकून ८ बाय १० च्या फ्रेमी विकायला बसली, तर भाव पाडण्याच्या शर्यतीत ती हरेल. टिकतं ते एकुलत्या एक वस्तूचं काम. तेरवीचा फोटो, आजोबांचं निवृत्तीचं मानपत्र, महाल भागातल्या जुन्या घरातला कागद, चित्रकला महाविद्यालयातल्या मुलाचं प्रदर्शनाला जाणारं जलरंग, आईने विणलेला रुमाल. ऑक्टोबरात दीक्षाभूमीला लाखोंचा समुदाय लोटतो, त्या दिवसांत बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींचं कामही शहरात मोठं असतं. ते घाऊक काम. त्यावर वर्षाचं भाडं निघू शकतं, नाव होत नाही. दोन्ही हवं, पण कशासाठी काय, हे तिला माहीत असावं.

आता हिशोब. फ्रेमची किंमत नुसत्या मापावर ठरत नाही आणि नवीन दुकान बुडतं ते इथेच. १२ बाय १८ चा फोटो घ्या. घेर झाला ६० इंच. पट्टी एक इंच रुंद असेल तर चार कोपऱ्यांवर ४५ अंशाचे आठ काप, आणि प्रत्येक कापामागे पट्टीच्या रुंदीएवढा तुकडा जातो. म्हणजे ६८ इंच. दहा फुटी पट्टीतून उरले ५२. त्यात ८ बाय १० ची एक फ्रेम बसते, तिला ४४ लागतात. पण गिऱ्हाईक म्हणालं, दोन इंचाचा माउंट घाला, तर तीच फ्रेम १६ बाय २२ होते, लागतात ८४, आणि उरलेल्या ३६ इंचांत फार तर ५ बाय ७ निघते. दोन इंचाचा कागद वाढवला तर पट्टीचा अख्खा हिशोब बदलला. पट्टी तीन इंची घेतली की नुसत्या कोपऱ्यांतच दोन फूट जातात. भाऊंकडे तुकड्यांचं एक पिंप होतं, आणि आठवड्याचा नफा त्या पिंपात दिसतो असं ते म्हणायचे. लेकीला विचारा, तिच्या दुकानातल्या पिंपात काय काय आहे. तिला सांगता आलं तर ती नुसती हौशी नाही.

काचेचंही तसंच. तीन मिलिमीटरची काच, तीन बाय चार फूट, नुसती काचच सव्वाआठ किलोच्या वर भरते. ती भिंतीवरच्या एका खिळ्यावर टांगून देणारे लोक मी पाहिलेत. मोठ्या मापाला ॲक्रिलिक घ्यावं, निम्म्या वजनात होतं. पण कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्रावर साधं ॲक्रिलिक कधीच नाही, कारण ते पुसलं की त्यात वीज भरते आणि चित्राची भुकटी उचलून घेते. असल्या पन्नास गोष्टी आहेत. त्या शिकायला आपल्याकडे दुकानच लागतं. इंग्लंडात मात्र फाइन आर्ट ट्रेड गिल्ड नावाची १९१० सालची संघटना आहे, ती फ्रेमवाल्यांची परीक्षा घेऊन पात्रता देते. मिस्टरांना हे जरूर सांगा. ‘त्यात शिकायचं काय’ या प्रश्नाची परीक्षा भरते म्हणावं.

मग करायचं काय? कॉलेज सकाळी, दुकान दुपारी, हे आत्ता चाललंय तसंच पदवी होईपर्यंत चालू द्या. फक्त दुकानदाराशी एकदा तुम्ही स्वतः जाऊन बोला. पोरगी नुसती हिरकणीने काच कापत बसली तर वर्ष फुकट जाईल. तिला माउंटचा तिरपा काप, कोपऱ्याचा जोड, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि माल आणणं, चारही शिकायला मिळालं पाहिजे. महिन्याला काही ना काही हातात मिळालं पाहिजे, थोडं का होईना. एमडीएफ कापताना मास्क घालते का, तेही बघा. ती भुकटी छातीत जाते. बोटाला कापलंय याची काळजी करू नका, ते सगळ्यांनाच कापतं.

पदवीनंतर दोन फाटे आहेत. तिचा जीव लाकडात असेल तर आयटीआयचा सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड करावा. रंधा, पटाशी आणि गुण्या हातात बसला की तयार पट्टीवर अवलंबून राहावं लागत नाही, सागवानात स्वतःचं काही करता येतं. आणि कागद, आम्ल, डाग यांत जीव असेल तर कला-संवर्धन हा रीतसर अभ्यास आहे. लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहे, जुन्या वस्तू आणि कागद वाचवण्याचं काम तिथे चालतं. पूर्वी दिल्लीत असलेल्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेत, जी आता नोएडाला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज म्हणून ओळखली जाते, संवर्धनात एम.ए. करता येतं. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्या. पदवी न घेता कॉलेज सोडलेल्या मुलीला संवर्धनाची ही दारं उघडणार नाहीत. मी पदवीवर अडून बसलोय ते यासाठी.

दुकानाचा विषय त्यानंतर. भांडवल लागेल तेव्हा मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंत ‘शिशु’ आणि ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ कर्ज मिळतं. पण पहिलं वर्ष घरातल्या एका खोलीत काढावं, बर्डीच्या बाजारात भाड्याचा गाळा घेऊ नये. दोन सवयी तिला आत्तापासून लावा. एक, अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही. कारण दुसऱ्याच्या मापाची फ्रेम तिसऱ्याला विकता येत नाही, आणि ‘उद्या नेतो’ म्हणून गेलेल्यांच्या फ्रेमी प्रत्येक दुकानात माळ्यावर पडलेल्या असतात. दोन, वस्तू हातात घेतल्याबरोबर गिऱ्हाइकासमोर मोबाइलवर पुढचा-मागचा फोटो काढायचा आणि आधीची घडी, डाग, फाटलेलं पावतीवर लिहायचं. नाहीतर पन्नास वर्षांचा डाग तिच्या नावावर चढतो.

‘लोक काय म्हणतील’ हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण ओळींच्या मध्ये ते वाचलं. मुलीने फ्रेमचं दुकान टाकलं तर म्हणतील थोडे दिवस. मग आपापल्या घरचे फोटो घेऊन येतील.

तोवर एक करा. तुमच्या लग्नाचा एखादा फोटो काढून लेकीला फ्रेम करायला द्या. मूळ प्रत देऊ नका, आधी स्कॅन करून प्रिंट काढा. पैसे द्या, पावती घ्या. मग तो कूलरच्या समोरच्या भिंतीवर लावा, आणि पावसाळाभर तिथेच राहू द्या. दसऱ्याच्या सुमारास काढून तिघांनी मिळून मागचा कागद फाडून बघा. कागदाला लाट आली का, काचेला कुठे चिकटलंय का, कोपऱ्याच्या जोडात नख जातं का. काय दिसलं ते मला लिहून कळवा, आणि फ्रेम उघडताना मिस्टरांना शेजारी बसवा.