मुलीच्या खोलीला रंग: दिवाळीची घाई करू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की घर बडोद्यातल्या कारेलीबागेत, तळमजल्यावर. ऑगस्ट २०२४ च्या पुरात खोलीत गुडघाभर पाणी होतं, त्याच दिवाळीला रंग दिला, आणि आता खालच्या दोन-अडीच फुटांत फुगे आलेत, पापुद्रे पडताहेत. मुलगी सहा वर्षांची, तिला गडद निळी खोली हवीय. रंगारी म्हणतो, पुट्टी मारून दोन दिवसांत करून देतो. रंग कुठल्या कंपनीचा घ्यावा, हे तुम्ही विचारलंत. मी आधी भिंतीबद्दल बोलणार आहे, कारण ती ओली असेल तर सगळ्यात महागडा डबासुद्धा पुढच्या पावसाळ्यात गळून पडेल.

विटांची भिंत पुरात आतपर्यंत पाणी पिते आणि ते बाहेर पडायला बरेच महिने लागतात. तुमच्याकडे पूर ओसरल्यावर दोनेक महिन्यांत पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढला, म्हणजे ओल आतच कोंडली गेली. पाणी वाट शोधत पृष्ठभागाकडे येतं, विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणतं, ते रंगाखाली साचतात आणि थर ढकलतात. लोणा म्हणतात तो हाच. त्यावर पुन्हा पुट्टी मारली तर लोण्याला नवं पांघरूण मिळेल, बाकी काही बदलणार नाही.

आज संध्याकाळीच एक करून बघा. जाड प्लास्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा भिंतीला लावा, चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि दिवसभर राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीत आहे. बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतली हवा दमट आहे, ती पाऊस संपला की सुधारेल.

पूर हे एकच कारण धरू नका. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे का, नळाचा पाइप तिथूनच जातो का, ते पाहा. शिवाय आपल्याकडच्या जुन्या सोसायट्यांमध्ये रस्त्यावर थरावर थर चढून रस्ता घराच्या फरशीहून उंच झालेला असतो, आणि मातीची ओल जोत्याच्या वरून भिंतीत शिरते. तसं असेल तर बाहेरची माती काढून पाणी लांब वाहील असा उतार करून घ्या. हे झाल्याशिवाय आतल्या कामाला हात लावणं व्यर्थ.

मग खराब भागाच्या फूटभर वरपर्यंत प्लास्टर फोडून वीट उघडी करा. क्षार कोरड्या ब्रशनं झाडा, पुन्हा वर आले की पुन्हा झाडा. पाण्यानं धुवू नका, विरघळून परत आत जातात. नवरात्र संपत आलं की पाऊस थांबतो आणि हवा कोरडी होऊ लागते. भिंत उत्तरायणापर्यंत तशीच उघडी राहू द्या. वाईट दिसेल, दिवाळीला पाहुणे विचारतील, विचारू दे. प्लास्टिकची परीक्षा कोरडी निघाली की प्लास्टर करा, आठवडाभर पाणी मारा, मग महिनाभर सुकू द्या. ताज्या सिमेंटवर लगेच रंग दिला तर त्यातला क्षारधर्म रंग खातो. म्हणजे रंगाचं काम साधारण मार्चमध्ये. तोवर मुलीला दुसऱ्या खोलीत झोपवा. कोपऱ्यात काळपट बुरशी असेल तर हे मी आग्रहानं सांगतेय. (दांडिया बाजाराकडच्या चुन्याच्या भिंतींच्या वाड्यांचं गणित वेगळं आहे. तिथे सिमेंट आणि प्लास्टिक पेंट मुळातच नको, चुनाच हवा.)

आता मला सगळ्यात काळजी वाटते ती गोष्ट. घर आजोबांच्या वेळचं आहे, म्हणजे दार, खिडकीच्या चौकटी आणि जाळ्या यांवर ऑइल पेंटचे जुने थर असणार. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या रंगांत, बरंच शिसं असू शकतं. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं, आणि शिशाची सुरक्षित पातळी अशी कुठलीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून कोरडा पॉलिश पेपर किंवा मशीन लावून ते घासू देऊ नका, आगीनं जाळून तर मुळीच नाही. थर घट्ट असेल तर वरून नुसता नवा रंग द्या. सुटत असेल तर पाणी शिंपडून ओलंच खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, काम झाल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. त्या दिवसांत मुलगी आजीकडे.

भिंतीसाठी पाण्यातलं इमल्शन घ्या, डब्यावर लो व्हीओसी (हवेत उडणारी रसायनं कमी) लिहिलेलं. खालच्या चार फुटांत किंचित चमक असलेलं धुता येणारं, कारण अगदी मॅट भिंतीवर पेन्सिल पुसली की तिथे चकाकी उरते. १० बाय १२ ची आणि १० फूट उंच खोली असेल तर चार भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा करून ४०० च्या आसपास. डब्यावर लिटरमागे दोन हातांचं (थरांचं) क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, त्यानं ४०० ला भागा. दुकानदाराच्या अंदाजावर जास्तीचा डबा उचलू नका.

निळ्याला नाही म्हणू नका. फक्त चारही भिंती नको, आणि बाहेरची भिंत तर नकोच, कारण थोडा लोणा उरला तर त्याचे पांढरे डाग गडद निळ्यावर सगळ्यात उठून दिसतात. पलंगामागची आतली भिंत निळी, बाकी फिक्या. आधी मोठ्या पुठ्ठ्यावर छटा लावून ती दिवसा आणि रात्री दिव्याखाली तिलाच बघू द्या. काम होईपर्यंत एका रविवारी तिला रावपुऱ्यातला तांबेकर वाडा दाखवून आणा. बडोद्याच्या दिवाणांचं ते घर, एकोणिसाव्या शतकात भिंतीभिंतीवर चित्रं काढून घेतलेलं. परत आल्यावर ती आपल्यालाही भिंतीवर चित्र काढायचं म्हणेलच, तर निळ्या भिंतीशेजारी तीन बाय चार फुटांचा तुकडा तिच्यासाठी सोडायला रंगाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

आणि त्याला दोन दिवसांचं आगाऊ दिलं असेल तर ते मार्चच्या कामात वळतं करून घ्या.