पाठीच्या शस्त्रक्रियेबद्दल रुग्णांच्या अपेक्षांची प्रश्नावली: उलट भाषांतर मूळ मजकुराशी जुळलं म्हणजे ती प्रमाणित झाली का?

नाही. उलट भाषांतर म्हणजे भाषांतरित प्रश्नावली पुन्हा मूळ भाषेत आणणं; त्यातून फक्त शब्द जुळले एवढंच कळतं. ‘स्पाइन’ नियतकालिकात २००० साली आलेल्या मार्गदर्शक पद्धतीत दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा एक मसुदा, उलट भाषांतरं, तज्ज्ञ समिती आणि मग ३० ते ४० रुग्णांवर पूर्वचाचणी असा क्रम आहे. ही पूर्वचाचणी घाईत उरकू नका: ‘आराम पडेल’ म्हणजे दुखणं कमी होईल की पूर्ण थांबेल, हे रुग्णाकडूनच त्याच्या शब्दांत ऐका. त्यानंतर मोठ्या गटावर अंतर्गत सुसंगती, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात (ते मोजणारा आकडा, क्रोनबाख अल्फा, साधारण ०.७०च्या वर हवा), आणि पुनर्चाचणी, म्हणजे त्याच रुग्णांकडून प्रश्नावली पुन्हा भरून घेऊन उत्तरं तीच येतात का हे पाहणं. मात्र सर्जनशी बोलल्यावर अपेक्षा बदलू शकतात. म्हणून दोन्ही वेळा प्रश्नावली शस्त्रक्रियेआधीच भरून घ्या, मध्ये समुपदेशन नको. नाहीतर रुग्णाचं बदललेलं मत प्रश्नावलीचा दोष वाटेल.