मनात काही वाटत नसताना प्रेमानं वागणं हे ढोंग आहे का?

तुम्ही लिहिलंय, लग्नाला अकरा वर्षं झाली, नवऱ्याबद्दल आता काहीच वाटत नाही. ते कामावरून येतात तेव्हा तुम्ही मोबाईलमधून मान वर करत नाही. चर्चचे पाळक सांगतात, प्रीती रोज ठरवून करायची असते. पण मनात नसताना तसं वागणं हे ढोंग नाही का?

नाही. तीन वर्षं रोज सकाळी हाच प्रश्न माझ्यापुढे असायचा. सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली आणि त्यांना भरवणं, कूस बदलणं माझ्याकडे आलं. माझे वडील वारले त्या आठवड्यात त्या मला जे बोलल्या होत्या, ते मी विसरले नव्हते. पेजेची वाटी घेऊन त्यांच्या दाराशी गेले की तेच शब्द कानात घुमायचे.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा प्रीतीवरचा तेरावा अध्याय आपण लग्नात ऐकतो, म्हणून तो नवरानवरीसाठीच लिहिलाय असं वाटतं. येशूचा प्रेषित पौल, त्यानं तो लिहिला करिंथ शहरातल्या एका भांडखोर मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला. तिथले विश्वासणारे एकमेकांना कोर्टात खेचत होते. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र जेवायला, जमल्यावर एक जण उपाशी राहायचा, तर दुसरा पिऊन तर्र व्हायचा. अशांना तो प्रीती शिकवतो. "प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे" ही मराठीत विशेषणं झाली. मूळ ग्रीकमध्ये चौथ्या ते सातव्या वचनांत ओळीनं 15 क्रियापदं आहेत. प्रीती काय करते, काय करत नाही. त्यातल्या "अपकार स्मरत नाही" इथलं क्रियापद हिशेबातलं आहे, वहीत मांडून ठेवण्याचं. हे कळलं तेव्हा मला माझी वही दिसली.

ती एका दिवसात मिटली नाही. कितीदा तरी मी वाटी आपटून खोलीबाहेर आलेय. तेव्हा लूकच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रातल्या, एका शब्दानं मला धरून ठेवलं. आपला वधस्तंभ, म्हणजे क्रूस, उचलून माझ्यामागे या, हे येशूचं वचन मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांतही आहे, पण "दररोज" हा शब्द फक्त लूक देतो. काल हातून सुटला असेल, तरी आज पुन्हा उचलता येतो.

आणि ढोंगाचं म्हणाल, तर ढोंगात दुसऱ्याला फसवून आपलं काहीतरी साधायचं असतं. सासूबाईंना भूक होती आणि पेज खरीच गरम होती. माझ्याजवळ प्रीती नव्हती, म्हणून मी ती देवाकडून मागून घ्यायचे. "पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली," असं बायबलमध्ये योहान देवाबद्दल लिहितो. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या रात्री त्याला शत्रूंच्या हाती देणारा शिष्य यहूदाही तिथेच बसला होता, आणि तो काय करणार हे येशूला ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. घरात मारहाण असेल, तर ती सोसत राहणं म्हणजे प्रीती नव्हे. तिथून आधी बाहेर पडा, कुणीही कुठलंही वचन ऐकवलं तरी. तुमच्या लिहिण्यात तसं दिसत नाही, म्हणूनच पुढचं लिहिते.

उद्या संध्याकाळी त्यांची चाहूल लागली की मोबाईल खाली ठेवा, उठून दार उघडा आणि आज दिवस कसा गेला ते विचारा. उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा. आत काही हललं नाही तरी चालेल. परवाचं परवा बघू.