फार्म.डी.च्या (डॉक्टर ऑफ फार्मसी, औषधांचा कोर्स) विद्यार्थ्यांना वॉर्डात डॉक्टर-सिस्टर खरंच विचारतात का?

विचारतात, पण पहिल्या दिवशी नाही. मी नेरूळला मेडिसिन वॉर्डात सिस्टर आहे. फार्म.डी. आपल्याकडे 2008 पासून आहे, सहा वर्षांचा कोर्स, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. तरी जुन्या सिस्टरना वाटतं, मेडिकलवाला मुलगा राउंडला कशाला?

मत बदलतं ते कामाने. वॉरफरीन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असलेल्या आजोबांना मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहिलं, की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढून रक्तस्रावाचा धोका. क्रिएटिनिन चढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं, तरी किडनीला त्रास देऊ शकणाऱ्या अमिकासिन या अँटिबायोटिकचा डोस तोच. हे जो वेळेत दाखवतो, त्याला रेसिडेंट डॉक्टर स्वतःहून हाक मारतात. पेशंटने घरून आणलेल्या गोळ्यांची पिशवी उघडून नीट यादी केलीत, तर आम्ही सिस्टर तुमच्याच बाजूने! फक्त डॉक्टरांची चूक पेशंटसमोर काढू नका, बाजूला घेऊन सांगा.