कार्ड बदललं आणि तापमान ८५० वर गेलं

प्रश्न: आमच्या डाळमिलच्या ड्रायरवर इथरकॅट (यंत्राची उपकरणं एकमेकांना जोडणारं) नेटवर्क आहे. मृगाच्या विजेत तापमानाचं कार्ड (बेकहॉफ ईएल ३२०४) जळालं. त्याच मॉडेलचं नवं बसवलं, सेन्सर जुनेच, पीटी १००० (तापमानाबरोबर रोध बदलणारे प्लॅटिनमचे). आता चारही चॅनेलवर ८५० अंश आणि एरर. वायरिंग ठीक आहे. कार्डच खराब आलं का?
— एक वाचक, ता. मूर्तिजापूर

उत्तर: कार्ड चांगलं आहे, परत पाठवू नका. नवं कार्ड पीटी १०० वर सेट होऊन येतं. पीटी १०० चा रोध ८५० अंशांलाही ३९० ओमच असतो, तुमच्या सेन्सरचा शून्य अंशालाच १००० ओम. माप टोकाला जाणारच.

जुन्या कार्डात सेन्सरचा प्रकार कोणीतरी ट्विनकॅट या बेकहॉफच्या सॉफ्टवेअरमधल्या सीओई-ऑनलाइन (कार्डातली सेटिंग्ज दाखवणाऱ्या) टॅबमधून थेट भरला असणार. ती नोंद कार्डाच्याच मेमरीत राहते, म्हणून कार्डाबरोबर गेली. तीच स्टार्टअप यादीत असती, तर लाइट जाऊन आली की दर वेळी मास्टरने (नेटवर्क चालवणाऱ्या कंट्रोलरने) ती कार्डाला आपणहून पाठवली असती.

आधी बर्नर बंद करून ड्रायर थंड होऊ द्या, कारण कॉन्फिगरेशन अ‍ॅक्टिव्हेट करताना पीएलसी (ड्रायर चालवणारा कंट्रोल प्रोग्रॅम) थांबतो. मग ट्विनकॅटमध्ये कार्ड निवडून स्टार्टअप टॅबवर नवी नोंद घ्या: इंडेक्स ८०००, सब-इंडेक्स १९, आरटीडी एलिमेंट (सेन्सरचा प्रकार), किंमत २ म्हणजे पीटी १०००. ट्रान्झिशन, म्हणजे कमांड कोणत्या अवस्थाबदलात जाते ते, प्री-ऑप ते सेफ-ऑप (दोन्ही प्रत्यक्ष काम सुरू होण्याआधीच्या अवस्था). बाकीच्या तीन चॅनेलसाठी ८०१०, ८०२०, ८०३०. शेवटी अ‍ॅक्टिव्हेट.

खरी फसगत सब-इंडेक्समध्ये होते. हा १९ हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) आहे, म्हणजे दशमान २५. चौकटीपुढे दशमान लिहिलेलं असताना १९ टाकलात, तर कमांड हेक्स १३ वर जाते. तिथे लिमिट १ ची किंमत असते आणि तीही दोनच बाइटची, म्हणून कार्ड २ हा आकडा निमूट घेतं. एरर नाही, तापमान मात्र तसंच. त्यापेक्षा हाताने आकडा न टाकता खालच्या यादीतूनच नोंद निवडावी. डेटा हेक्समध्ये भरायचा झाला तर ०२ ०० असा, धाकटी बाइट आधी.

ईएल ३२०४ ला दोनच वायर लागतात, त्यामुळे वायरचा रोधही मापात मिसळतो, पण त्याची काळजी नको. ४० मीटर अंतरावर १ चौ. मिमी तांब्याची वायर जाऊन-येऊन साधारण १.४ ओम भरते. पीटी १००० मध्ये त्याने अंश-दीड अंशही नाही, जेमतेम ०.४ अंशाचा फरक पडतो; पीटी १०० असता तर साडेतीन अंशांहून जास्त पडला असता.

प्रश्न: जिनिंगच्या ड्राइव्हला (मोटर चालवणाऱ्या उपकरणाला) स्टार्टअप कमांड दिल्यापासून तो प्री-ऑपवरच अडकतो.
— एक वाचक, ता. हिंगणघाट

उत्तर: एक कमांड नाकारली की पुढची अवस्था मिळत नाही. लॉगमधला अबॉर्ट कोड (नकाराचं कारण सांगणारा आकडा) पाहा. ०६०७००१० म्हणजे बाइटची लांबी चुकली, ०६०९००३० म्हणजे किंमत मर्यादेबाहेर, ०६०१०००२ म्हणजे ती नोंद फक्त वाचायची. ०६०२०००० आला तर तो इंडेक्स ड्राइव्हमध्ये नाहीच. बहुधा फर्मवेअर वेगळं आहे. १सी१२ किंवा १सी१३ (पीडीओच्या, म्हणजे सतत ये-जा करणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्यांच्या याद्या) बदलत असाल तर क्रम पाळा: आधी सब-इंडेक्स ० मध्ये शून्य, मग १ पासून पीडीओचे क्रमांक, सर्वांत शेवटी ० मध्ये त्यांची संख्या. शून्य न करता थेट लिहायला गेलात तर बरेच ड्राइव्ह नकार देतात.