गाडी विकून सहा महिने झाले, आरसीवर नाव अजून माझंच. चलनंही मलाच येतात. काय करू?

भाऊ, तुमची एमएच-19 कार तुम्ही पारोळ्याच्या एकाला विकली. टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या दिल्या, स्टॅम्पपेपरवर नोटरी केली, पैसेही मिळाले. आता वेगमर्यादा मोडल्याची चलनं तुमच्या मोबाईलवर येतात आणि फोन केला की समोरचा म्हणतो, "करी लिसू ना भाऊ, काय घाई शे?"

त्याला घाई नसेलच. घाई तुम्हाला हवी.

चलन ही त्यातली किरकोळ बाब. मोटार वाहन कायद्यात आरसीवर ज्याचं नाव तो मालक. नोटरीचा कागद तुम्हा दोघांतला पुरावा म्हणून ठीक आहे, पण उद्या त्या गाडीखाली कुणी आलं तर नोटीस तुमच्या दारात येणार. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं. त्यात गाडी 2007 मध्येच विकली गेली होती, पुढे ती आणखी हातांत फिरली, 2009 मध्ये अपघात झाला, आणि जबाबदारी आली आरसीवर नाव राहून गेलेल्या पहिल्या मालकावर.

मी धुळ्यात जुन्या गाड्यांचे व्यवहार करतो, म्हणून आधी एक विचारतो. फॉर्म 29 वर सही करताना घेणाऱ्याच्या नावाची ओळ कोरी होती का? आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. कोऱ्या फॉर्मवर गाडी परस्पर तिसऱ्याला विकता येते आणि मधल्याचा नावावर करण्याचा खर्च वाचतो. तसं असेल तर तुमची गाडी कदाचित पारोळ्यात नाहीच. महाट्रॅफिक ॲपवर चलनासोबत फोटो आणि ठिकाण दिसतं, ते आधी नीट बघा. फोटो एकजात इकडच्या, धुळे जिल्ह्यातल्या सोनगीर-शिरपूरच्या पट्ट्यातले निघाले तर गाडी पुढे विकली गेली असं समजून जा.

आता काम. गाडी विकल्याचं आरटीओला कळवणं ही कायद्यानं विकणाऱ्याचीच जबाबदारी आहे: राज्यातल्या राज्यात 14 दिवस. घेणाऱ्याला फॉर्म 30 साठी 30 दिवस. तुमची मुदत गेली असली तरी कळवाच. फॉर्म 29 ची प्रत, नोटरी, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स, पैसे खात्यावर आल्याची नोंद आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेला अर्ज जोडून जळगाव आरटीओत द्या आणि पोच घ्या. शिक्का मारलेली पोच. एजंटनं "देतो साहेबांकडे" म्हणून कागद ठेवून घेतले तर त्याला काही अर्थ नाही. त्याच कागदांचा एक संच पोलीस ठाण्यात अर्जासोबत द्या, आणि एक रजिस्टर पोस्टानं घेणाऱ्याला.

वकिलाची नोटीस पाठवायला हरकत नाही, पण माझ्या अनुभवात घेणारा हलतो तो विम्यामुळे. त्याला शांतपणे सांगा: पॉलिसी माझ्या नावावर आहे, चौदा दिवसांत ती तू नावावर करून घ्यायला हवी होतीस. आता गाडी ठोकली गेली तर तुझ्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारू शकते. नोटिशीला न घाबरणारा माणूस बंपरच्या खर्चाला घाबरतो.

तो तयार झालाच तर अडणाऱ्या गोष्टी आधी तपासा. कर्जाचा बोजा आरसीवर राहिला असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 लागेल. थकलेली चलनं भरावी लागतील, ती कुणी भरायची हे आत्ताच ठरवा. पीयूसी आणि विमा चालू हवा. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही हवी. आणि परिवहनच्या साइटवर त्यानं अर्ज टाकला की ओटीपी तुमच्या नंबरवर येऊ शकतो. तो देण्याआधी अर्जात घेणाऱ्याचं नाव काय टाकलंय ते स्क्रीनशॉट मागवून बघा. तुम्ही ज्याला विकली त्याचंच नाव असेल असं नाही.

पुढच्या वेळी डीलरला विकणार असाल तर तो आरटीओचा अधिकृत आहे का ते विचारा. एप्रिल 2023 पासून अशा डीलरकडे गाडी देताना फॉर्म 29सी ऑनलाइन भरला की त्या गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते.

हो, तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, मात्र गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा. नवी गाडी घेताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या.