वाचकांचे प्रश्न : डाव मांडायला शहर कोणते?

प्रश्न : माझे काम कोठूनही करता येण्यासारखे आहे आणि दुसऱ्या देशात काही वर्षे राहण्याचा माझा विचार आहे. बोर्ड गेम हा माझा जुना छंद असून अलीकडे रोल-प्लेइंग, म्हणजे एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या, खेळांचीही गोडी लागली आहे. अशा टेबलटॉप, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या, खेळांसाठी उत्तम शहरांच्या अनेक याद्या वाचल्या, परंतु प्रत्येक यादीत पहिले नाव वेगळेच असते. निवड कशाच्या आधारे करावी?

उत्तर : या याद्या जुळत नाहीत, कारण त्या निरनिराळ्या गोष्टी मोजतात. कोणी दुकाने मोजतो, कोणी वार्षिक महोत्सवांची गर्दी, तर कोणी खेळ प्रकाशित करणाऱ्या कंपन्या. तुम्हाला हवे आहेत ते आठवड्याच्या आठवड्याला नेमाने भेटणारे भिडू, आणि त्यांची मोजदाद यांपैकी कोणत्याच आकड्यात होत नाही.

जर्मनीतील एसेनचेच उदाहरण घ्या. तेथे १९८३ पासून भरणारा ‘श्पील’ हा या क्षेत्रातील सर्वांत मोठ्या मेळ्यांपैकी एक असून २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चार दिवसांत दोन लाखांहून अधिक लोक तेथे येऊन गेले. साहजिकच एसेनचे नाव याद्यांत वर जाते. मात्र ते लाखो लोक रविवारी संध्याकाळी आपापल्या गावी परततात, आणि नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी तुमच्यासमोर कोण बसणार, याचे उत्तर त्या गर्दीत मिळत नाही. अमेरिकेतील जेन कॉन हा खेळमहोत्सव १९६८ साली विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या लहानशा गावात सुरू झाला, १९८५ मध्ये मिलवॉकीला गेला आणि २००३ पासून इंडियानापोलिसमध्ये भरतो. महोत्सव सभागृहे आणि हॉटेले पाहून जागा बदलतात; स्थानिक मंडळी मात्र जेथल्या तेथेच खेळत राहतात. कान, बर्मिंगहॅम किंवा फिलाडेल्फिया येथल्या मोठ्या मेळाव्यांनाही हेच लागू आहे. ते वर्षातून एकदा जाऊन पाहावेत. त्यांच्यासाठी घर बदलू नये.

जर्मनीबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तेथील खेळसंस्कृती खरोखरच समृद्ध आहे. १९७९ पासून दिला जाणारा ‘श्पील देस यारेस’ हा पुरस्कार समीक्षकांचे मंडळ ठरवते, आणि क्लाउस टॉयबर यांच्या ‘कतान’ या बोर्ड गेमला तो १९९५ मध्ये मिळाला, तेव्हापासून जर्मन धाटणीचे खेळ जगभर पसरले. परंतु ही संस्कृती मुख्यतः घराघरांतली, कुटुंबाच्या आणि जुन्या मित्रांच्या टेबलाभोवतीची आहे. नवख्या परदेशी माणसाला ती बाहेरून दिसत नाही, आणि भाषा येत नसेल तर आत शिरणेही सोपे नाही. याउलट टोरांटो, सोल, टोकियो अशा शहरांत, जेथे पुष्कळांच्या घरी सहा जणांचे टेबल मांडायलाच जागा नसते, तेथे खेळ कॅफेत आला. टोरांटोतील ‘स्नेक्स अँड लॅट्स’ २०१० मध्ये सुरू झाले. ठरावीक शुल्क भरून कपाटातला हवा तो खेळ घ्यावा आणि नियम समजावून सांगायला कर्मचारी असावा, ही पद्धत रूढ करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. असे शहर एकट्या माणसाला लवकर सामावून घेते, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण कॅफेत लोक बहुधा आपला गट घेऊनच येतात. म्हणून कॅफे किती आहेत हे विचारण्याऐवजी, एकट्या येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली संध्याकाळ तेथे आहे का, हे विचारावे.

रोल-प्लेइंगकडे तुमचा ओढा वाढत असेल, तर मिनियापोलिस–सेंट पॉल या जुळ्या शहरांचा विचार मी आधी करीन. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील लष्करी खेळांच्या मंडळात डेव्हिड वेस्ली यांनी प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्याच मंडळातील डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना ‘ब्लॅकमूर’ या आपल्या काल्पनिक जगातल्या खेळात पुढे नेली, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर त्यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग खेळ प्रसिद्ध झाला. हा केवळ इतिहास नव्हे. जेथे पन्नास वर्षे सतत खेळले गेले आहे, तेथे डाव चालवणारी अनुभवी माणसे टिकून असण्याची शक्यता अधिक, आणि रोल-प्लेइंगमध्ये नेमकी त्यांचीच टंचाई असते. सिएटलच्या परिसराचे बळ वेगळे आहे. शेजारच्या रेंटनमध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही खेळकंपनी आहे; १९९३ चा ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ याच कंपनीचा, आणि १९९७ मध्ये तिने डंजन्स अँड ड्रॅगन्सची मूळ कंपनीही विकत घेतली. पत्त्यांच्या स्पर्धांची आवड असेल तर ते शहर पाहावे.

निवड पक्की करण्यापूर्वी एक आठवडा तेथे राहून या, आणि तोही महोत्सवाचा नव्हे. खेळघरात गेल्यावर प्रथम कपाटाकडे पाहा. खोक्यांचे कोपरे झिजून चिकटपट्टी लागलेली आहे, पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटे चढवली आहेत, हरवलेल्या सोंगटीच्या जागी कोणी शर्टाचे बटण ठेवले आहे, असे दिसले तर तेथे खरोखर खेळले जाते. गुळगुळीत वेष्टनातली खोकी केवळ विक्री दाखवतात. मग यजमानाकडे पाहा. आजचे पुष्कळसे खेळ चार किंवा पाच जणांपुरते असतात, त्यामुळे सहावा माणूस आला की खरी कसोटी लागते. चांगला यजमान त्या क्षणी मांडलेला डाव मोडून तीन-तीनचे दोन डाव करतो. वाईट ठिकाणी सहाव्याला ‘पुढचा डाव तासाभरात सुरू होईल’ असे सांगून भिंतीशी उभे केले जाते. आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते, हेही पाहून ठेवा. तीन तासांचा डाव रात्री आठला मांडणाऱ्या शहरात साडेदहाला वाहतूक थांबत असेल, तर डावाचा शेवटचा अर्धा तास तुम्हाला कायम सोडून निघावे लागेल.

प्रश्न : मी लघुमूर्ती रंगवून त्यांच्या लढाया खेळतो. या छंदासाठी नॉटिंगहॅमला पर्याय नाही, असे सर्व जण म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : बरेचसे खरे आहे. ‘वॉरहॅमर’ हा लघुमूर्तींचा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचे मुख्यालय आणि तिचे वॉरहॅमर वर्ल्ड हे केंद्र इंग्लंडमधील नॉटिंगहॅममध्ये आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या लोकांनी वॉरलॉर्ड गेम्स आणि मँटिक यांसारख्या कंपन्या तेथेच काढल्या, त्यामुळे मूर्ती घडवणारे, रंगवणारे आणि नियम लिहिणारे एकाच परिसरात एकवटले. रंगकामात हात बसवायचा असेल तर अशा कारागिरांच्या सहवासाची बरोबरी पुस्तके करू शकत नाहीत. मात्र निव्वळ खेळण्यासाठी तेथे जाण्याची गरज मला वाटत नाही. तुमच्या खेळाला लागते ते सहा फूट बाय चार फुटांचे टेबल, त्यावर मांडायच्या टेकड्या आणि पडक्या इमारती, आणि हे सारे ठेवायला कुलपाची खोली. जागेचे भाडे चढे असलेल्या महानगरात मंडळांना ही खोलीच परवडत नाही आणि दर वेळी सामान गाडीतून वाहावे लागते. मध्यम आकाराच्या, काहीसे दुय्यम समजल्या जाणाऱ्या शहरात चर्चचे किंवा शाळेचे सभागृह सहज मिळते, आणि म्हणून तेथील मंडळे अनेकदा अधिक सशक्त असतात. यादीत त्या शहरांची नावे येत नाहीत, इतकेच.

प्रश्न : मला स्थलांतर शक्य नाही आणि आसपास एकही खेळमंडळ नाही. काय करावे?

उत्तर : सार्वजनिक ग्रंथालयात महिन्यातला एक ठरावीक दिवस मागून घ्या. दिवस आणि वेळ कधीही बदलू नका, दोघेच आले तरी बैठक रद्द करू नका, आणि अशा दिवसासाठी दोघांत उत्तम रंगणारा एक खेळ पिशवीत कायम ठेवा. सुरुवातीचे खेळ तासाभरात संपणारे असावेत, म्हणजे उशिरा आलेल्याला दुसऱ्या डावात घेता येते. रोल-प्लेइंगच्या मोठ्या मोहिमेची, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या एकाच कथेची, घाई करू नका. त्यासाठी तेच चार-पाच जण कित्येक महिने लागतात, आणि ते कोण असतील हे या छोट्या डावांतूनच हळूहळू लक्षात येते. तोवर रोल-प्लेइंगची हौस व्हिडिओ कॉलवरच्या गटात भागवता येईल. फासे आणि बोलणे एवढ्यावर चालणारा तो खेळ पडद्यावर बोर्ड गेमपेक्षा पुष्कळ चांगला उतरतो.